गोड्या हाताची भागीरथा

माझ्या प्रबंधात भागीरथाबाईचं नाव नाही. तिथं ती ‘उत्तरदात्री, वय अंदाजे पन्नास, विधवा, हंगामी स्थलांतरित’ आहे. नावं गुप्त ठेवायची असतात असं आमच्या सरांनी बजावलं होतं, आणि तेव्हा मी सरांचं सगळं ऐकायची. सरांना मिरची माहीत होती ती भज्यातली. चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं आंध्रात मिरची तोडायला जातात हे त्यांनी कुठंतरी वाचलं, मला विषय दिला आणि म्हणाले, “जा, राहा त्यांच्यात. एक लक्षात ठेव निशात, आपण पाहायचं. मधे पडायचं नाही.”

मी वरोऱ्याची. अब्बांचं बाजारात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगी नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करते हे ते दुकानात येईल त्याला कौतुकानं सांगायचे. तीच पोरगी मजुरांच्या टोळीबरोबर गोदावरीपलीकडे जाणार म्हटल्यावर मात्र त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. अम्मीनं शेवटी समजूत काढली आणि अठ्ठ्याण्णव सालची संक्रांत झाल्यावर मी चंद्रपूरकडच्या मूल गावापुढच्या एका तलावाच्या गावातून टोळीबरोबर निघाले. गावात ढिवरांची वस्ती मोठी. तलावातली मासोळी आणि पावसाळ्यातलं धान, एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून धान झालं की अर्धी वस्ती मिरचीला जाते. टोळी नेणारा मुकादम बाबुलाल. माणूस वाईट नव्हता. मालकापुढं मऊ आणि मजुरांपुढं कडक, एवढंच.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की या टोळीत एक बाई मिरचीला हातच लावत नाही. उंच, काटक, पाटलीणबाईसारखी दरडावून बोलणारी. सगळ्या बायका दिवस उगवायच्या आत वावरात जायच्या आणि ही झोपडीपाशी पोरं सांभाळायची, भात शिजवायची, कुणाच्या डोळ्यात मिरची गेली तर दह्याचा बोळा ठेवायची. हीच भागीरथाबाई. तिला ‘गोड्या हाताची’ म्हणत. प्रत्येक टोळीत अशी एक बाई असावीच लागते. मिरची तोडणारीचा हात कितीही धुतला तरी तिखट राहतो, तो हात तान्ह्या पोराला लावता येत नाही. आई नुसती पदर सरकवून बसते आणि पोराला तिच्या छातीशी धरतात ते गोड्या हाताचीनं. पोरांचं नाक, डोळे, ढुंगण, सगळं तिच्याच हातानं.

मला या कामाचं कौतुक वाटण्याऐवजी राग आला, कारण त्याला अर्धाच वाटा मिळायचा. भागीरथाबाईच्या बोटांचा वेग मी भाजी निवडताना पाहिला होता. ही तोडायला लागली असती तर टोळीत हिच्या पुढं कुणी गेलं नसतं. मी तिला तसं म्हणालेही. ती हसली.

“तुह्या बापानं तुले एवढं शिकोलं,” ती म्हणाली, “आन तू इथी बसून पोरायचा शेंबूड पाहून राह्यली. मी तुले इचारलं का, काऊन म्हणून?”

पण पुढं एका दुपारी तिनं सांगितलं. मी टेपरेकॉर्डर चालू केला होता आणि तिच्या मांडीवर मंगलीचं पोरगं झोपलं होतं. मंगली म्हणजे टोळीतली सगळ्यात लहान आई.

गावच्या तलावाची वर्षातून एकदा मोठी ओढ होते. त्यासाठी लागणारं लांबलचक जाळं कुणा एकाचं नाही. प्रत्येक घरचा एक पट्टा असतो, घरीच विणलेला. ओढीच्या सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळे पट्टे एकाला एक बांधतात आणि मग जाळं पाण्यात जातं. ज्या घरचा पट्टा, त्या घरचा वाटा. पण पट्टा बांधायला हात त्याच घरचा पाहिजे. हात नसला तर पट्टा बाजूला पडतो, शेजारचे दोन पट्टे एकमेकांना जोडले जातात, आणि एकदा जोडले गेले की मधे पुन्हा जागा होत नाही. ते घर जाळ्यातून उठलं. लग्नात, मयतीत, तलावाच्या बैठकीत, कुठंच मग त्या घराला कुणी विचारत नाही.

आणि मिरचीचा हात जाळ्याला चालत नाही. तिखट हात लागला तर त्या साली मासोळी जाळ्यात थांबत नाही, अशी वस्तीची पक्की समजूत. बाकी घरांना याची अडचण नव्हती. बायका मिरचीला जायच्या आणि पट्टा बांधायला एखादा पुरुष घरी असायचा. भागीरथाबाईचा नवरा वारलेला. एकुलता मुलगा हेमराज घुग्घुसला कोळशाच्या ट्रकांवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. निरोप पाठवला की ‘येतो’ म्हणायचा आणि यायचा नाही.

“म्हून मी मिरचीले हात लावत नाई,” ती म्हणाली. “माहे हात जाळ्याचे हायेत. अर्ध्या वाट्यात भागते माह्यं. पण हेमराजची जागा गेली, आन उद्या तो परत आला, तं तो येईल कुठी? कोणाच्या घरचा म्हणतीन त्याले?”

त्या जागेवर डोळा होता तो तिच्या दिराचा. लटारू त्याचं नाव. त्याची दोन्ही पोरं हाताशी आली होती, धाकट्याला वेगळी चूल मांडायची होती आणि वेगळ्या चुलीला वेगळा पट्टा लागतो. जाळ्यात नवी जागा होते ती जुनी सुटली तरच.

ओढीचा दिवस पंचांगात नसतो. तलावात एक धोंडा आहे, पाणी त्याच्या कंबरेखाली गेलं की तिसऱ्या सकाळी ओढ. एरवी हे चैत्र सरता सरता होतं, तोवर मिरचीही संपते आणि टोळी घरी असते. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. होळीनंतर थोड्याच दिवसांनी दुसऱ्या टोळीचा ट्रॅक्टर झोपडीपाशी थांबला आणि ड्रायव्हरनं वरूनच ओरडून सांगितलं, “धोंडा उघडा पडला बाप्पा तुमच्या गावचा. परवा सकाळी ओढ हाये म्हणतेत.”

भागीरथाबाईच्या हातातला पळा तसाच राहिला. मग तिनं भात उतरवला, पोराला मंगलीच्या सासूच्या पुढ्यात ठेवलं आणि बाबुलालकडं गेली. मीही मागे गेले.

“मले आज निघा लागते, भाऊ,” ती म्हणाली. “नदीपावतर ट्रॅक्टर दे. पुढं मी जातो माह्यी माह्यी.”

बाबुलालनं आभाळाकडं बोट केलं. उत्तरेकडून ढग चढत होते, ऐन उन्हाळ्यात. तोडलेली सगळी मिरची कल्लमवर, म्हणजे वाळवायच्या खळ्यावर पसरलेली होती. एक सर आली तरी ती काळी पडणार होती आणि टोळीचा वाटा मिरचीतच मिळायचा होता.

“पयले हे भरा लागते,” तो म्हणाला. “मालक उभा हाये तिथी. सबन हात लागले पाह्यजे. तुह्ये बी.”

“माह्ये नाई.”

“मंग ट्रॅक्टर बी नाई, बाई. चालत जाशीन तं ओढ पावशीन का?”

तिथून नदी चालत गाठायची तर रात्र उलटली असती. होडी सकाळी सुटते, ती चुकली की सिरोंच्याची गाडी चुकते, गाडी चुकली की ओढ चुकते. हे सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाबुलालला म्हणाले, “हिच्या वाटची मी भरते ना, दोघींचं काम करते. हिला सोडा!” सरांचं ‘मधे पडायचं नाही’ तेवढ्यात विसरूनही गेले. बाबुलालनं माझ्या हातांकडं पाहिलं आणि रिकामी पोती उचलून तो खळ्याकडं वळला. विजा चमकायला लागल्या होत्या आणि मालक खळ्यावरून तेलुगूत ओरडत होता.

भागीरथाबाई खळ्याच्या कडेला उभी होती. बायका ओंजळी भरभरून पोत्यात मिरची घालत होत्या. त्यांचा वाटाही त्याच ढिगात होता, त्यांच्या पोरांना दोन महिने हिनंच सांभाळलं होतं. मला वाटलं, आता ही मागं वळेल आणि चालायला लागेल. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घातले.

तिच्याएवढी मिरची त्या दिवशी कुणी भरली नाही. शेवटच्या पोत्याचं तोंड शिवलं आणि पावसाचे टपोरे थेंब पडले. झोपडीशी परत आलो तेव्हा मंगलीचं पोरगं रडत तिच्याकडं झेपावलं. तिनं हात मागं नेले, पाठीशी धरले. पोरगं आणखी मोठ्यानं रडायला लागलं आणि ती तशीच उभी राहिली. दोन महिन्यांत तिला मी एवढी हरलेली पाहिली नव्हती.

मी तिच्याबरोबर निघाले. तिनं ‘ये’ म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही. ट्रॅक्टरमध्ये ती राखेनं हात घासत होती. होडीत बसल्यावर वाळूनं घासले. सिरोंच्याच्या स्टँडवर एका हॉटेलवाल्याकडून चिंच मागून घेतली आणि नखांच्या आत कोंबली. हात नुसते लाल झाले होते, कातडी निघायची राहिली होती.

“तिखट उतरलं का वं, पाह्य बरं,” ती म्हणाली.

मी तिचं बोट धरलं आणि माझ्या ओठाला लावलं. क्षणभर काही नाही, मग ओठ पेटला.

“नाही,” मी म्हणाले.

आलापल्लीच्या अलीकडे जंगलात पोलिसांनी गाडी थांबवली. नक्षलवाद्यांच्या शोधात त्या काळी त्या रस्त्यावर ते नेहमीचंच होतं. सगळ्यांना खाली उतरवलं. माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर सापडला आणि शिपायाचा चेहरा बदलला. कोण, कुठली, कोणासाठी काम करते, या म्हातारीबरोबर कशी? मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. कंडक्टर घड्याळ पाहत होता. मी इथं अडकले तर गाडी थांबणार नाही हे तो मला डोळ्यांनीच सांगत होता. शिपायानं बटण दाबलं. आधी पोरांची रडारड ऐकू आली आणि मग भागीरथाबाईचा ठणठणीत आवाज: “म्हून मी मिरचीले हात लावत नाई. माहे हात जाळ्याचे हायेत.”

शिपाई हसला आणि त्यानं पिशवी परत दिली. भागीरथाबाई हसली नाही. गाडीत बसल्यावर तिनं पदराखाली हात लपवले ते मूल गाव येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. मला तिला काही धीराचं सांगायचं होतं, पण माझा ओठ अजून चुरचुरत होता.

मूलच्या स्टँडवर आम्ही मुक्काम केला आणि पहिल्या गाडीनं गावाच्या फाट्यावर उतरलो. उतरल्या उतरल्या तिनं पुन्हा बोट पुढं केलं. मी ओठाच्या दुसऱ्या कडेला लावलं. तिखटपणा कमी झाला होता, पण होता. मी काय सांगते याची तिनं वाटच पाहिली नाही. माझ्या तोंडावरून तिला कळलं आणि ती भराभरा चालायला लागली.

पाळीवर सगळी वस्ती जमली होती. जाळं जवळजवळ बांधून झालं होतं. हेमराजच्या पट्ट्याची जागा अजून मोकळी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पट्टे लटारूनं हातात धरले होते. एक गाठ मारली की संपलं. शेजारी म्हातारे बापूजी बसले होते. वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा.

“थांब, लटारू,” भागीरथाबाई लांबूनच म्हणाली. “हात आला घरचा.”

ती घरात जाऊन आढ्याला टांगलेला पट्टा घेऊन आली. काठीला गुंडाळलेला तो तिनं तसाच काखेत धरला होता, हात न लावता. लटारू उभा राहिला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला त्याचा राग तरी करता आला असता.

“वयनी, तू मिरचीतून आली,” तो म्हणाला. “आंध्रात पाणी आलं परवा, सबन खळे भरले म्हणतेत. पाणी आल्यावर कोणी रिकाम्या हातानं बसते का? तुह्या हातानं जाळं नासलं तं सबन गावाचं साल जाईन. माह्या एकट्याचं नाई.”

लोकांत कुजबूज झाली. हे काही लटारूचं खोटं दुखणं नव्हतं. त्या एका दिवसाच्या मासोळीवर सगळ्यांचेच उन्हाळ्याचे दिवस अवलंबून होते. बापूजींनी भागीरथाबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांना शंभर प्रश्न विचारले होते. आता त्यांची पाळी होती.

“बाई,” ते मला म्हणाले, “तू हिच्यासंग होती. तू शिकलेली हायेस, खोटं बोलाची नाईस. हिनं मिरचीले हात लावला का?”

ओठाची एक कडा अजून जळत होती. खरं सांगितलं तर हेमराजचं घर इथल्या इथं उठणार होतं. खोटं सांगितलं, आणि जाळं रिकामं आलं, तर या माणसांच्या डोळ्यांत मी कशी पाहणार होते? मासोळीचा आणि मिरचीचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं, पण ते मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. मी बोलायला तोंड उघडलं.

“त्या पोरीले काऊन इचारता?” भागीरथाबाई म्हणाली. “हात माह्ये हायेत. मले इचारा.”

आणि तिनं उजव्या हाताची दोन बोटं उजव्या डोळ्यात घातली. नुसती लावली नाहीत. पापणी ओढली आणि बोटं आतून फिरवली, मंगलीच्या पोराच्या डोळ्यातली घाण काढायची तशी, सावकाश. मग हात खाली घेतला आणि डोळा उघडा ठेवून लटारूसमोर उभी राहिली.

डोळ्यात पाणी आलं नाही असं मी म्हणणार नाही. डोळा लालबुंद झाला, काठोकाठ भरला. पण तिनं पापणी लववली नाही आणि गालावर थेंब उतरू दिला नाही. तिच्या मानेची शीर ताणलेली मला दिसत होती. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी ती काढायला हात घातला तर तिनं न पाहताच मला कोपरानं मागं सारलं. लटारू तिच्यापासून हातभर अंतरावर होता. तो पाहत राहिला, मग त्यानं हातातले दोन्ही पट्टे खाली ठेवले.

“झालं,” बापूजी म्हणाले. “बांधू द्या तिले.”

तिनं दोन्ही बाजूंच्या गाठी मारल्या. डोळे मिटूनच मारल्या, बोटांनी चाचपत.

जाळं पाण्यात गेलं. बायांनी ओढीच्या वेळी पाण्यात उतरायचं नसतं, म्हणून ती पाळीवर पळसाखाली बसली. समोर अख्खा तलाव पसरलेला आणि तिला त्यातलं चुळकाभर पाणी घेता येत नव्हतं. डोळा धुतला की सगळं उघडं पडणार होतं. डोळा सुजून बंद झाला होता आणि दुसऱ्यातूनही आता पाणी वाहत होतं. ती पदर डोक्यावरून पुढं ओढून बसली, उन्हासाठी ओढावा तसा. माणसं गळाभर पाण्यात जाळं ओढत होती, हाकारे घालत होती. मी आयुष्यात कधी कशासाठी एवढी दुआ मागितली नसेल जेवढी त्या दिवशी माशांसाठी मागितली.

“आलं का वं काई?” ती अधूनमधून विचारायची. “दिसून राह्यलं का?”

“येतंय,” मी म्हणायची. मला काहीच दिसत नव्हतं.

शेवटी जाळं काठाला लागलं आणि पाणी उसळलं. रोहू होते, मरळ होती, पोरं नाचायला लागली. फार मोठी ओढ नव्हती, पाऊसच कमी होता. पण रिकामी नव्हती. मी पळत जाऊन तिला सांगितलं. तिनं नुसती मान हलवली आणि माझ्या हाताला धरलं.

वाटे पडले. तिच्या पुढ्यात पानावर तिचा वाटा आला. मी पुन्हा बाटली काढली तेव्हा समोर लटारूची बायको सीता उभी होती. तिच्या हातात पितळी वाटी होती, वर पदर झाकलेला. तिनं ती खाली ठेवली. वाटीत दही होतं.

“बाई, डोळ्यावर ठेवा,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “यायनं धाडलं.”

लटारू तिकडं जाळं वाळत घालत होता. इकडं पाहत नव्हता. हेमराजचा पट्टा त्यानं सोडला नव्हता, आपल्या पट्ट्याशेजारी तसाच पसरला होता. त्याच्या धाकट्याची जागा त्या वर्षी झाली नाही.

मी भागीरथाबाईच्या डोळ्यावर दही ठेवलं. तेव्हा कुठं ती रडली, पोरासारखी, आवाज काढून. मीही रडले. सीता वाटी न्यायला थांबली होती. भागीरथाबाईनं नाक पुसलं आणि चाचपत पानाकडं हात नेला.

“निशात, वाटी रिकामी नोको देऊ वं. मासोळी घाल तिच्यात.”

मी एक लहान रोहू उचलला.

“लहान नाई. मोठी घालजो.”

मी मोठी मरळ घातली. तिची शेपटी वाटीबाहेर आली. सीतानं वाटी पदराखाली घेतली आणि निघाली, तसं भागीरथाबाईनं तिला मागून हाक मारली.

“सांगजो त्याले,” ती म्हणाली, “हेमराजच्या घरून आली म्हणा.”